फवारा बाजूला ठेवा, भिंत कुठून पाणी पिते ते आधी शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथ (गणेश चतुर्थी) महिन्यावर आली की गोव्यात घरोघर दोन कामांची घाई उडते. एक, भिंतींना नवा रंग देणे. दुसरे, न्हाणीघरात, ओट्यामागे आणि खिडकीच्या चौकटीत अचानक दिसू लागलेल्या, टुणकन उडणाऱ्या बारीक किड्यांवर औषध मारून घेणे. ऐन ओलीत ही दोन्ही कामे केली तर पैसे तर जातातच, शिवाय मूळ दुखणे झाकले जाते आणि पुढच्या पावसात दुप्पट होऊन वर येते. म्हणून हे जरा सविस्तर पत्र.

हे किडे म्हणजे स्प्रिंगटेल. मराठीत त्यांना रूढ नाव नाही. बहुतेकांना ते पिसवा वाटतात आणि मग कुत्र्या-मांजरावर संशय जातो. लांबी बहुधा एक-दोन मिलिमीटर, रंग करडा, काळपट किंवा पांढुरका. शरीराच्या मागच्या टोकाशी, पोटाखाली दुमडून अडकवलेला एक दुफाटा असतो. तो सुटून जमिनीवर आपटला की किडा स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट उंच फेकला जातो. ओळखायची सोपी रीत अशी: चिकटपट्टीने एखादा उचलून पांढऱ्या कागदावर दाबावा. स्प्रिंगटेल मऊ असतो, लगेच चिरडून राखाडी डाग पडतो. पिसू टणक, तांबूस आणि दोन्ही बाजूंनी चपटी असते, नखाखालीही सहजी चिरडत नाही. किडा फिकट आहे, जुन्या पुस्तकांत किंवा पिठाच्या डब्याशी धावतो आहे, पण उडत नाही, तर ती पुस्तकांतली ऊ समजावी. तिचेही कारण ओलच.

स्प्रिंगटेल चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, लाकूड वा कपडे कुरतडत नाहीत. त्यांचे खाणे म्हणजे बुरशी, शेवाळ आणि कुजका पालापाचोळा. बाहेरच्या मातीत तर ते उपयोगाचेच आहेत. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या दगडांत सापडलेले त्यांचे अवशेष सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे आपल्या भिंती उभ्या राहण्याच्या कितीतरी आधीपासून ते ओल्या मातीत नांदत आहेत. त्यांची कातडी इतकी पातळ असते की अंगातले पाणी टिकत नाही. कोरड्या हवेत काही तासांत ते मरतात. तेव्हा घरात ते आठवडेच्या आठवडे दिसत असतील तर त्याचा अर्थ एकच: कुठेतरी सतत ओली राहणारी जागा आहे आणि तिथे बुरशी धरली आहे. डोळ्यांना न दिसणारी ओल ते दाखवून देतात, म्हणून मारण्याआधी ते कुठून येतात ते पाहावे.

औषध का चालत नाही, तेही यातच आले. समोर दिसलेले पाच-पन्नास किडे मरतात. पण गिलाव्यामागे, लादीखाली, सांध्यांत राहिलेली अंडी आणि पिल्ले तशीच असतात, आणि त्यांचे खाणे तिथेच वाढत असते. साधारण महिना-दीड महिन्यात नवी पिढी तयार होते. ओल्या पृष्ठभागावर औषध नीट टिकत नाही, पुसताना धुऊन जाते. नेहमी वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांना आणि कोळंबीला फार विषारी आहेत, आणि त्यांतली काही मांजरांनाही. ज्या घराचे सांडपाणी शेतातल्या व्हाळाकडे वा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात जाते, तिथे हा फवारा मारणे मला अजिबात पटत नाही. बाजारात मिळणारी, किडे सुकवून मारणारी पांढरी डायटम माती कोरडी असेल तरच काम करते. ओल्या कोपऱ्यात तिचा चिखल होतो.

दिसणारे किडे कमी करायला एवढेच पुरे: लिटरभर पाण्यात भांडी घासायचा द्रव साबण चमचाभर घालून ते स्प्रे बाटलीने मारावे आणि फडक्याने पुसून घ्यावे. स्प्रिंगटेलचे अंग पाणी झटकून टाकणारे असते, म्हणून साध्या पाण्यावर तो तरंगतो. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि तो बुडतो. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तमच. हा झाला तात्पुरता उपाय.

आता मुख्य अडचण. इंटरनेटवर सगळीकडे सल्ला असतो की घरातली आर्द्रता ५० टक्क्यांखाली ठेवा आणि खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळवा. हा सल्ला थंड, कोरड्या देशांतला. तिथली बाहेरची हवा आत घेतली की घर कोरडे होते. आपल्याकडे पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आषाढ-श्रावणात बाहेरची आर्द्रताच ८५ ते ९० टक्के. अशा वेळी दिवसभर खिडक्या उघड्या टाकल्या तर बाहेरची ओल आत येते. एकूण घराची हवा कोरडी करणे पावसाळ्यात जवळपास अशक्य आहे. पण भिंत, लादी आणि कपाटाची मागची बाजू कोरडी ठेवणे शक्य आहे, आणि बुरशीला व स्प्रिंगटेलला हवेपेक्षा या पृष्ठभागांचीच गरज असते. म्हणून मेहनत तिथे लावावी.

त्यासाठी भिंत कुठून पाणी पिते ते आधी ठरवले पाहिजे, कारण चार कारणांचे चार वेगळे उपाय आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

जमिनीतून चढणारी ओल लादीपासून वर साधारण मीटरभर उंचीपर्यंत असते. तिच्या वरच्या कडेला लोणा फुटतो, म्हणजे पांढरे क्षार दिसतात, आणि रंगाचे पोपडे तिथेच सुटतात. बाहेरून शिरणारे पाणी धो धो पाऊस पडल्यावर एक-दोन दिवसांत डाग मोठा करते आणि उघाडी पडली की डाग फिका होतो. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती व खिडकीचे खालचे कोपरे आधी पाहावेत. नळाची गळती बाराही महिने सारखी असते, एप्रिलमध्येही. आणि हवेतली वाफ थंड भिंतीवर निवून, तिचे पाणी होऊन येणारी ओल कपाटामागे, गादीमागे, कोपऱ्यांत, जिथे वारा पोहोचत नाही तिथे काळ्या ठिपक्यांच्या बुरशीने कळते. तिथे लोणा नसतो.

संशय राहिला तर प्लास्टिकची चाचणी करावी. १८ इंच बाय १८ इंच पारदर्शक, जाड पॉलिथिनचा तुकडा लादीवर किंवा खरवडून पुसलेल्या भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद कराव्यात आणि १६ ते २४ तास तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब किंवा खालची लादी गडद झालेली दिसली तर पाणी जमिनीतून वा भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला थेंब असले तर ते हवेतले. भुसभुशीत डिस्टेंपरवर पट्टी धरत नाही आणि कडेने हवा शिरली की चाचणी फसते, म्हणून रंग आधी खरवडणे आवश्यक.

नळाच्या गळतीसाठी रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि दोन तासांनी पुन्हा पाहावा. मीटरनंतर गच्चीवर टाकी असेल तर टाकीत येणारा व्हॉल्व्ह बंद करून पाण्याच्या पातळीवर खूण करावी. मीटर ठीक आणि पातळी खाली गेलेली, असे झाले तर गळती टाकीनंतरच्या नळांत आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून वीस मिनिटे फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेला. हे थेंबभर पाणी भांड्यात सतत झिरपते, भांड्याची बैठक कधीच वाळत नाही, आणि तिच्याभोवतीच्या फटीत स्प्रिंगटेलची वसाहत होते.

आता गोव्याच्या घरांबद्दल. आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो. बांधकामाच्या जांभ्या दगडाने वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषावे इथपर्यंत भारतीय मानकातच मुभा आहे. म्हणजे ३० किलोचा चिरा साडेतीन लिटर पाणी पोटात ठेवू शकतो. जुन्या घरबांधणीत हे गृहीत धरलेले होते: उंच जोते, लांब वळचण, सोपो, पश्चिमेच्या भिंतीवर पावसाआधी बांधलेली चुडतांची झापे, आणि आतबाहेर चुन्याचा गिलावा. चुना पाणी घेतो तसे सोडतोही. भिंत पावसात भिजायची आणि दसऱ्यानंतर वाळायची.

बिघाड सुरू झाला तो अशा भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी आणि त्यावर प्लास्टिक इमल्शन लावू लागल्यापासून. भिंतीत चढलेले पाणी आता खोलीच्या बाजूने बाहेर पडू शकत नाही. ते आणखी वर चढते, किंवा पापुद्र्यामागे साठते. भिंत वरून कोरडी, गुळगुळीत दिसते, पण बोटाने ठोकली तर पोकळ वाजते, आणि त्या पोकळीत बुरशी व किडे सुखाने राहतात. ओलीवर उपाय म्हणून आतून मारलेला जलरोधक रंग हा याच चुकीचा आणखी एक थर असतो. पाणी अडवायचे तर ते शिरते त्या बाजूने अडवावे; निघते त्या बाजूने अडवून उपयोग नाही.

म्हणून चवथीपूर्वी गणपतीच्या खोलीची भिंत नीटनेटकी करायची असेल तर सुटलेले पोपडे खरवडा, बुरशी ओल्या फडक्याने पुसा (कोरडा झाडू मारला तर बीजाणू घरभर उडतात, तोंडाला एन-९५ मास्क हवा) आणि शक्य तिथे चुन्याचा हात द्या. एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात विरवून २४ तास ठेवावा, जाड कपड्यातून गाळावा आणि पातळ असे दोन-तीन हात द्यावेत. चुना विरताना उकळतो आणि डोळ्यांत गेला तर इजा करतो. चष्मा व हातमोजे घालूनच काम करावे, पोरांना दूर ठेवावे. चुना प्लास्टिक वा ऑइल पेंटवर धरत नाही, उघड्या गिलाव्यावरच धरतो. तेवढे खरवडणे जमत नसेल तर यंदा भिंत तशीच राहू द्यावी, पुढे कापड सोडावे, आणि नवा रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यावा. देव रागावणार नाही.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीवर पहिला उपाय फावड्याचा आहे, औषधाचा नाही. वर्षानुवर्षे बागेत माती, शेण, पालापाचोळा पडत राहतो आणि बाहेरची जमीन हळूहळू जोत्याच्या वर येते. ती आतल्या लादीच्या पातळीपेक्षा निदान १५ सेंटिमीटर, जमल्यास फूटभर खाली हवी, आणि भिंतीपासून दूर मीटरमागे ५ सेंटिमीटर उतार हवा, किमान दोन-तीन मीटरपर्यंत. भिंतीलगत ४५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी मोकळी करून तिथे खडी पसरावी. माडाचे, पोफळीचे आळे, नारळाच्या सोडणांचे ढीग, सरपण, कंपोस्टचा खड्डा, कुंड्यांची रांग, हे सगळे त्या पट्टीच्या पलीकडे न्यावे. स्प्रिंगटेल या ओल्या पालापाचोळ्यातूनच घरात येतात: पहिल्या जोरदार पावसात माती तुडुंब भरली की एकदा, आणि ऑक्टोबरच्या उन्हाने वरची माती सुकली की पुन्हा एकदा. दाराच्या उंबऱ्याखालची फट रबरी पट्टीने बंद केली तर ही ये-जा बरीच थांबते.

पागोळ्यांचे पाणी किती असते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि असे दिवस आपल्याकडे दर पावसाळ्यात येतात, तर ९,००० लिटरांहून अधिक पाणी खाली येते. पन्हळ नसेल तर ते सगळे जोत्याच्या कडेला पडते आणि शिंतोडे भिंतीला लागतात. पन्हळ असूनही मेमध्ये साफ केली नाही तर पालापाचोळ्याने तुंबून पाणी मागच्या बाजूने भिंतीवरच उतरते, ते तर अधिकच वाईट. पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) खरेदी जशी आपण मिरगाच्या आधी उरकतो, तशीच छपराचे फुटके नळे (कौले) बदलणे, पन्हळी साफ करणे आणि गच्चीची जाळी मोकळी करणे ही कामे त्याच यादीत घालावीत.

भिंतीत भोके पाडून रसायन भरण्याची पद्धत आहे: जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटर उंचीवर, दर १०-१२ सेंटिमीटरला एक भोक, आणि त्यात पाणी अडवणारी सिलेन-सिलोक्सेनची क्रीम. सलग सिमेंट किंवा चुन्याच्या सांध्यांच्या भिंतीत ती चालते. मातीच्या सांध्यांच्या जुन्या चिऱ्याच्या भिंतीत आतल्या पोकळ्यांत ती वाहून जाते आणि थर सलग होत नाही. माझे स्पष्ट मत असे की बाहेरची माती उतरवणे, पन्हळ आणि चुन्याचा गिलावा ही तीन कामे करून एक पूर्ण वर्ष थांबावे, मगच या खर्चाचा विचार करावा. थांबायचे कारण म्हणजे भिंत वाळायला वेळ लागतो: जाणकारांचा ढोबळ हिशेब इंचाला एक महिना. नऊ इंची भिंत कारण दूर केल्यानंतरही नऊ महिने घेऊ शकते. दुरुस्ती झाल्यावर दोन महिन्यांनी किडे दिसले म्हणून गवंड्याला दोष देऊ नये.

हाच हिशेब नव्या फ्लॅटला लागू आहे. नव्या काँक्रीट आणि गिलाव्यात शेकडो लिटर पाणी असते. एप्रिलमध्ये गिलावा, मेमध्ये रंग आणि जूनमध्ये ताबा, असे झाले की पहिल्या पावसाळ्यात चकचकीत घरात स्प्रिंगटेल निघणारच. ते वर्ष-दीड वर्षात आपोआप कमी होतात, फक्त भिंती मोकळ्या ठेवाव्या लागतात. म्हणून पहिल्या वर्षी बाहेरच्या भिंतीला चिकटून प्लायवूडची कपाटे ठोकून घेऊ नयेत. गच्चीतून वा वरच्या न्हाणीघरातून पाणी येत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे २५ ते ५० मिलिमीटर पाणी भरून २४ ते ४८ तास उभे ठेवण्याची चाचणी ताबा घेण्याआधी मागून घ्यावी. रेराखाली (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखाली) नोंदलेल्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष निदर्शनास आणला तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा आहे, असे २०१६च्या कायद्याचे कलम १४ सांगते. तक्रार लेखी, तारखेसह आणि छायाचित्रांसह करावी. सोसायट्यांनी हा विषय मेच्या सभेत घ्यावा. जुलैत गच्चीवर काहीच करता येत नाही.

न्हाणीघर ही स्प्रिंगटेलची सर्वांत आवडती जागा. पाच बाय आठ फुटांच्या, नऊ फूट उंच न्हाणीघरात सुमारे १० घनमीटर हवा असते. तासाला आठ वेळा ती बदलायची तर ताशी ८० घनमीटर हवा ओढणारा पंखा हवा. सहा इंची साधा एक्झॉस्ट पंखा हे काम सहज करतो, खोक्यावर आकडा छापलेला असतो. चूक होते ती दुसरीकडे: दार खालून पूर्ण बंद असेल तर पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही. दाराखाली दीड-दोन सेंटिमीटर फट हवी. अंघोळीनंतर पंखा वीस-तीस मिनिटे चालू ठेवावा, आणि त्याआधी भिंतीवरचे व लादीवरचे पाणी रबरी वायपरने खाली ओढून टाकावे. हे दोन मिनिटांचे काम मी सर्वांत वर ठेवीन, कारण वायपरने गेलेले पाणी वाळवावे लागत नाही.

उताराचेही पाहावे: जाळीकडे मीटरमागे निदान एक सेंटिमीटर. पाणी कोपऱ्यात साचत असेल तर कितीही पुसा, सांधा ओलाच राहणार. काळे पडलेले, भुगा होणारे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राऊट भरावे. जुन्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन धरत नाही. जुने ब्लेडने पूर्ण काढावे, जागा २४ तास कोरडी ठेवावी, मग नवे भरावे आणि आणखी २४ तास पाणी लावू नये. मोरीच्या जाळीतून किडे येतात का हे पाहायला रात्री जाळीवर चिकटपट्टीची चिकट बाजू खाली करून, थोडी जागा मोकळी ठेवून लावावी. सकाळी पट्टीला किडे असले तर ट्रॅपमधला (मोरीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपमधला) साका साफ करणे आले: लांब ब्रश, धुण्याचा सोडा आणि कढत पाणी. उकळते नको, पीव्हीसीचे पाइप आणि सांधे त्याने मऊ पडतात. बुरशी काढायला ब्लीच वापरायचे तर टाइल्सवर, दहा भाग पाण्यात एक भाग, खिडकी उघडी ठेवून. संडास साफ करायच्या ॲसिडशी त्याचा संबंध कधीही येऊ देऊ नये, क्लोरीन वायू तयार होतो. गिलाव्यावर ब्लीच वरवर रंग घालवते, आतली बुरशी राहते.

स्वयंपाकघरात वाफ कुठून येते? भाताच्या पेजेतून तर येतेच, पण गॅसमधूनही येते. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलोहून जास्त पाणी तयार होते, १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत साधारण २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात सुटलेले असते. म्हणून चिमणीचा पाइप बाहेर काढलेला हवा. नुसती हवा गाळून परत खोलीत सोडणारी चिमणी तेल अडवते, वाफ नाही. तसेच कपड्यांचे: पाच किलो कपडे मशीनमध्ये पिळले तरी त्यांत दोन-अडीच लिटर पाणी उरते. ते झोपायच्या खोलीत दोरीवर वाळत घातले तर ते पाणी गादीत आणि भिंतीत जाते. बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) जागा नसेल तर एकच खोली ठरवून, तिचे दार लावून, पंखा आणि खिडकी चालू-उघडी ठेवून तिथेच वाळवावेत.

एसीबद्दल थोडे. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली की दवबिंदू सुमारे २५ अंश असतो. त्याहून थंड कशावरही पाणी धरते. एका खोलीत एसी २० वर लावला की मधली भिंत थंड पडते आणि पलीकडच्या खोलीतल्या कपाटामागे दव साठते. पावसाळ्यात एसी २६ वर किंवा ड्राय मोडवर, दारे-खिडक्या बंद ठेवून चालवावा. त्याच्या नळीतून तासाला लिटरभर पाणी सहज येते. ती नळी भिंतीलगत सोडून देऊ नये, गटारापर्यंत न्यावी. खालच्या मजल्यावरच्या कित्येक ओल्या भिंतींचे उगमस्थान वरच्या मजल्याची ही नळी असते.

कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. त्याच्या आत कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे चालतात, पण बंद कपाटातच. खोलीत ठेवून काही होत नाही. डब्यात साठणारे खारे पाणी सांडले तर लोखंड गंजते आणि चामडे खराब होते. डांबराच्या गोळ्या आणि कापूर ओल शोषत नाहीत, हा फार पसरलेला गैरसमज आहे. खोलीसाठी डीह्युमिडिफायर घ्यायचा तर बारा बाय बारा फुटांच्या खोलीला दिवसाला १२ ते २० लिटर क्षमतेचा पाहावा, आणि ती खोली बंद ठेवावी. २५० वॉटचे यंत्र आठ तास चालले तर दोन युनिट वीज लागते.

आर्द्रता मोजायला काही शे रुपयांचा डिजिटल हायग्रोमीटर पुरतो. तो खरा सांगतो का हे घरीच तपासता येते: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोडेच पाणी घालावे, मीठ ओले व्हावे पण विरघळू नये, आणि ते मापकासह हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवावे. काटा ७५ दाखवायला हवा. ७० दाखवला तर पुढच्या प्रत्येक वाचनात ५ मिळवावेत. उघाडीच्या दिवशी अकरा ते चारच्या दरम्यान बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की खिडक्या उघडाव्यात, सरी आल्या की आणि रात्री लावून घ्याव्यात. लादी पुसताना फडके घट्ट पिळावे आणि नंतर पंखा लावावा. घरातल्या कुंड्यांची वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सुकल्याशिवाय पाणी घालू नये, बशीत पाणी साचू देऊ नये. गणपतीवर टांगलेली माटोळी उतरवल्यावर तिची फळे-पाने भिंतीच्या कडेला टाकून न ठेवता दूर खड्ड्यात पुरावीत.

शेवटी मुंबईला वा आखातात राहणाऱ्यांच्या बंद घरांविषयी, कारण शेजाऱ्याच्या भिंतीत ओल कित्येकदा तिथूनच येते. कुलूप लावण्याआधी मुख्य नळ बंद करावा. त्या दिवशी लादी ओल्या फडक्याने पुसू नये. कपाटांची दारे उघडी ठेवावीत, गाद्या उभ्या कराव्यात, फ्रिज रिकामा करून दार थोडे उघडे अडकवावे. मोरीच्या प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि त्यावर दोन चमचे गोडे तेल ओतावे, म्हणजे पाणी लवकर उडत नाही आणि गटारातली हवा वर येत नाही. किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून उघाडीच्या दिवशी पंधरवड्यातून एकदा दुपारी दोन तास घर उघडायला सांगावे, आणि त्याने न्हाणीघराची छतही पाहावी.

कळावे,
आपला,
फोंडा येथील एक वाचक